आत्याचा रिकामा रकाना

या ब्लॉगवर डोकावणारे लोक दोन प्रकारचे. एक माझ्यासारखेच हौशी ब्लॉगर, आणि दुसरे माझे नातेवाईक, जे प्रतिक्रिया कधीच लिहीत नाहीत पण लग्नाकार्यात भेटले की "वाचलं हो तुझं ते" म्हणून पाठीवर थाप मारतात. आजची नोंद दोघांसाठी आहे. ब्लॉगर मंडळींना त्यातला प्रोग्रॅमिंगचा भाग आवडेल, नातेवाइकांना कंटाळवाणा वाटेल. पण नातेवाइकांनी धीर सोडू नये, कारण हिशोब तुमच्याच पैशांचा आहे आणि त्यात झालेल्या घोळाची कबुलीही मी इथेच देणार आहे.

झालं असं की गावच्या घराचं छप्पर उतरवायचं ठरलं. कौलं फुटलेली, वासे वाळवीनं खाल्लेले, पावसात माजघरात पातेली मांडायची वेळ. तेवीस घरांनी प्रत्येकी पन्नास हजारांचे दोन हप्ते द्यायचे असं ठरलं आणि हिशोब ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तो कंप्युटरवाला आहे". (कंप्युटरवाला असणं आणि हिशोब येणं यांचा काही संबंध नाही हे मी आईला तीस वर्षं सांगतोय.)

आता मला एक्सेल वापरता आलं असतं. पण सवयीनं मी सगळी नोंद एका साध्या फाइलमध्ये ठेवली, पायथॉनमध्ये वाचली, आणि पांडाज नावाच्या लायब्ररीतून मजकुराचा तक्ता करून सगळ्यांना मेलवर पाठवून दिला. पीडीएफ नाही, जोडलेली फाइल नाही, मेलच्या अंगातच तक्ता. यामागे माझा विचार होता आणि तो मला अजूनही बरोबर वाटतो. जोडलेली फाइल आमच्या घरातले निम्मे लोक उघडत नाहीत. उरलेले उघडतात, पण फोनवर दोन बोटांनी ताणून ताणून बघतात आणि सोडून देतात. मेलच्या अंगातला मजकूर मात्र सगळे वाचतात, पुढे पाठवतात, सहा महिन्यांनी शोधला तर सापडतो, आणि "माझ्या ओळीत चूक आहे" असं म्हणताना ती ओळच उचलून परत पाठवता येते. साध्या मजकुराला मरण नाही, असं माझं मत होतं. तो वाकडा होऊ शकतो हे लक्षात आलं नव्हतं.

पांडाजमध्ये ही तक्त्याची सोय २०२० च्या जानेवारीत आलेल्या १.० आवृत्तीपासून आहे. पांडाज स्वतः ते काम करत नाही, आतून टॅब्युलेट नावाच्या दुसऱ्या एका छोट्या लायब्ररीला हाक मारते. तिला ओळी द्या, हवा तो साचा सांगा, ती तक्ता हातात ठेवते. साचे पुष्कळ आहेत. उभ्या-आडव्या रेघांची चौकट, नुसत्या उभ्या रेघा, विकीला चालेल असा, लाटेकला चालेल असा, आणि एक अगदी साधा, ज्यात रेघा नाहीत, फक्त रिकाम्या जागा सोडून रकाने जुळवलेले. रेघांनी मेल भरून जातो म्हणून मी हा शेवटचा निवडला. पहिली चूक.

पहिल्यांदा तक्ता काढला तेव्हा आत्याच्या ओळीत पहिल्या हप्त्याच्या जागी 'नॅन' असं उमटलं. नॅन म्हणजे 'हा आकडा नाही'. नोंद रिकामी असली की पांडाज हे लिहिते. आत्याची नोंद रिकामी होती, कारण तिनं पहिल्या हप्त्याचे पैसे दिले नव्हते, लाकूड दिलं होतं. सासरच्या बागेतले दोन जुने फणस पाडले होते, त्याचे ओंडके तिनं स्वतः टेंपो करून पाठवले. माहेरच्या घरासाठी. खरं तर तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं, यादीत नाव तिनं हट्टानं घालायला लावलं होतं. सुतारानं लाकूड बघून मान डोलावली आणि काका म्हणाले, हा तिचा पहिला हप्ता. हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं, सुताराला माहीत होतं. फाइलला माहीत नव्हतं.

तर ते 'नॅन'. मनात आलं, हे असं पाठवलं तर चार फोन येतील, "नान म्हणजे काय रे, हॉटेलातला?" म्हणून मी एक ओळ वाढवून नॅन काढून टाकलं आणि तिथे कोरी जागा ठेवली. तक्ता कसा स्वच्छ दिसायला लागला. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

माझ्या पडद्यावर तक्ता साधारण असा होता. ब्लॉगवर सलग रिकाम्या जागा गिळल्या जातात म्हणून त्यांच्याऐवजी टिंबं घालतोय, आणि नावं अर्थातच खरी लिहीत नाही:

घर.................पहिला.........दुसरा
थोरले काका.........५००००........५००००
आत्या...........................५००००
एकूण...........१.१ई+०६......११५००००

मेल पाठवला आणि झोपलो.

सकाळी थोरल्या काकांचा फोन. "अरे, पहिल्या हप्त्याचा एकूण एक रुपया दहा पैसे लिहिलाय तू." मी हसलो. तेही हसले, पण त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. अकरा लाखांना १.१ई+०६ म्हणायची पद्धत शास्त्रज्ञांची आहे, घराचा हिशोब ठेवणाऱ्यांची नाही. गंमत म्हणजे शेजारच्याच रकान्यात साडेअकरा लाख नीट, सरळ लिहिलेले होते. एकाच ओळीत दोन शेजारी आणि दोघांच्या दोन भाषा.

असं का व्हावं? त्यामागचं कारण मला नंतर शोधावं लागलं, आणि ते सापडल्यावर हसू आलं नाही. पांडाजमध्ये पूर्णांकांच्या रकान्यात एक जरी नोंद रिकामी असली तरी फाइल वाचतानाच तो सगळा रकाना दशांश अपूर्णांकांचा होऊन जातो, कारण 'नॅन' ही चीज फक्त त्याच प्रकारात बसते. (रिकामी जागा सांभाळणारे पूर्णांकही २०१९ पासून पांडाजमध्ये आहेत, पण ते मागून घ्यावे लागतात.) म्हणजे आत्याच्या एका कोऱ्या जागेमुळे बावीस घरांचे पन्नास पन्नास हजार अपूर्णांक झाले. पुढे टॅब्युलेट अपूर्णांक लिहिताना, आपण काही सांगितलं नाही तर, सहाच महत्त्वाचे अंक धरते. पन्नास हजार त्यात मावतात. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवही मावतात. दहा लाखाला पोचलं की गाडी शास्त्रज्ञांच्या रुळावर जाते. ज्याच्या घरात आकडे दहा लाखाच्या खाली आहेत त्याला हे आयुष्यात कधी कळणार नाही.

ही मात्र गमतीची बाजू झाली.

दुसरी बाजू महिन्याभरानं कळली. पासबुक भरून आणलं तर दुसऱ्या हप्त्यात पन्नास हजार जास्त. तेवीस घरं, चोवीस हप्ते. नोंदी तपासल्या तर आत्याच्या खात्यावरून दोनदा पैसे आलेले. मला वाटलं बँकेच्या ॲपवर चुकून दोनदा बटण दाबलं गेलं असेल. फोन केला.

"चुकून नाही रे," आत्या म्हणाली. "दुसरा हप्ता राहिलाय असा फोन आला होता ना मला. मला वाटलं, लाकूड धरलं नाही तुम्ही लोकांनी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच वाईट. पेन्शनवर राहणारी बाई, फोन आला म्हणून कुणालाही काही न विचारता मुदतठेव मोडून पन्नास हजार पाठवते, आणि मनात समजून घेते की माहेरी आपलं लाकूड मोजलं गेलं नाही.

फोन माझ्या एका चुलतभावानं केला होता. राहिलेल्या हप्त्यांची आठवण करून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. मी त्याच्याकडे गेलो (थोडा तापूनच गेलो, कबूल करतो) आणि त्यानं फोनमध्ये माझाच मेल उघडून दाखवला. फोनच्या पडद्यावर रकाने वगैरे काही नव्हतं. आत्याच्या नावापुढे थोडी जागा आणि मग ५००००, जो बरोब्बर 'पहिला' या शब्दाखाली येऊन बसला होता. 'दुसरा'च्या खाली कोरं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच फोन केला असता.

आता नातेवाइकांनो, जरा दम धरा, इथून पुढे थोडं तंत्र आहे.

मजकुराचा तक्ता एका समजुतीवर उभा असतो: प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापतं. ही समजूत यंत्रांनी दिलेली आहे. छिद्रांच्या पत्त्यांवर ८० रकाने असत, प्रत्येकात एक अक्षर. लाइन प्रिंटरच्या ओळीत १३२ अक्षरं मावत. त्या आधी टाइपरायटर, ज्याची कॅरेज प्रत्येक ठोक्याला एक घर सरकते. ही समजूत खरी असली की तक्ता करणं सोपं. रकान्यातली सगळ्यात लांब नोंद बघायची, तिची अक्षरं मोजायची, बाकीच्या नोंदींना तेवढ्या लांबीपर्यंत रिकाम्या जागा जोडायच्या. टॅब्युलेट आणि तिच्या बहिणी हेच करतात.

प्रश्न 'अक्षरं मोजायची' इथे येतो. पायथॉनला 'किंमत' या शब्दाची लांबी विचारा, तो पाच सांगतो: क, वेलांटी, अनुस्वार, म, त. 'ज्ञानेश्वरी' अकरा. 'स्वातंत्र्य'ही अकरा, जे आपण तीन अक्षरांत लिहितो. युनिकोडमध्ये आपलं अक्षर सुट्या भागांत साठवलं जातं आणि पायथॉन ते भाग मोजतो, डोळा काय बघतो ते मोजत नाही. लायब्ररीला वाटतं 'स्वातंत्र्य'नं अकरा घरं व्यापली, म्हणून ती रिकाम्या जागा कमी जोडते, प्रत्यक्षात शब्द आखूड दिसतो, आणि पुढचा आकडा डावीकडे घसरतो. ज्याच्या नावात जोडाक्षरं जास्त, त्याचा आकडा जास्त घसरतो. तक्त्यात आत्याचं सासरच्या आडनावासकट पूर्ण नाव होतं आणि त्यात तीन जोडाक्षरं. शिवाय तिच्या नावाच्या आणि आकड्याच्या मध्ये एक अख्खा रकाना कोरा. मेलमधल्या सर्वसाधारण फाँटमध्ये रिकामी जागा अंकापेक्षा पुष्कळ अरुंद असते, त्यामुळे तो कोरा रकाना आवळून निम्म्यावर आला.

यावर इलाज नाही असं नाही. अक्षराची रुंदी सांगणारी डब्ल्यूसीविड्थ नावाची एक वेगळी लायब्ररी आहे, ती सोबत बसवलेली असली तर टॅब्युलेट तिला विचारते. मुळात ही सोय चिनी-जपानी-कोरियन लोकांसाठी, कारण त्यांचं एक अक्षर दोन घरं व्यापतं. आपल्यासारख्यांचं अक्षर कधी अर्धं घर, कधी शून्य. तिच्या जुन्या हिशोबात अनुस्वार, मात्रा, उकार शून्य घरांचे, पण काना आणि वेलांटी एकेका घराची. म्हणजे 'किंमत' चार घरं. २०२३ च्या एका आवृत्तीपासून काना-वेलांटीही शून्य धरली जाऊ लागली. म्हणजे 'किंमत' तीन. पाच, चार की तीन? तिघांचंही बरोबर आहे आणि तिघांचंही चूक आहे, कारण शेवटी रुंदी ठरवतो फाँट, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असणारे फाँट दुर्मीळ. असावेत तरी का? 'र' आणि 'क्ष' एकाच मापाच्या डब्यात कोंबले तर दोघांचीही रया जाते. व्हॉट्सॲपवर तीन बॅकटिकच्या मध्ये मजकूर घातला की इंग्रजी अक्षरं रांगेत उभी राहतात, देवनागरी तशीच ऐसपैस बसलेली असते, करून बघा.

इथे आत्याचा खरा परिचय करून द्यायला हवा. आत्यानं एका सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखन केलं. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस, सगळ्या परीक्षा दिलेल्या. मी तिला जाऊन भेटलो तेव्हा खुलासा म्हणून हे सगळं, अक्षरं मोजण्याचं वगैरे, सांगायला लागलो. तिनं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तक्ता टाइप करताना तू मोजलं नाहीस."

"लायब्ररीनं मोजलं गं."

"चुकीचं मोजलं मग."

आणि मग तिनं सांगितलं की परीक्षेत तक्त्याचा प्रश्न असायचा, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ टाइप करण्यात जायचा नाही, मोजण्यात जायचा. आधी कच्च्या कागदावर प्रत्येक रकान्यातली सगळ्यात लांब नोंद शोधायची. तिचे ठोके मोजायचे. सगळ्या रकान्यांची बेरीज करायची, ती कागदाच्या रुंदीतून वजा करायची, उरलेली घरं रकान्यांच्या मधल्या फटींत वाटायची, आणि मग कुठे टॅब लावायचे. (संगणकाच्या कळफलकावरची टॅबची कळ तिथूनच आली आहे, मूळ शब्द टॅब्युलेटर, म्हणजे तक्ता करणारी. टॅब्युलेटचं नाव आणि रीत दोन्ही आत्याच्या वर्गातली.) पण महत्त्वाचं पुढे आहे. मराठी यंत्रावर अनुस्वार, मात्रा, उकार, रफार यांच्या कळा दाबल्या की छाप उमटायची पण कॅरेज सरकायची नाही. डेड की म्हणायचे त्यांना. "त्यांचे ठोके बोटांनी मोजायचे, कागदानं नाही," आत्या म्हणाली. 'किंमत'ला बोटं पाच वेळा आपटतात, कॅरेज चार वेळा सरकते.

पाच आणि चार. जो फरक लायब्ररीला वेगळी जोडलायब्ररी बसवल्यावर कळतो तो टायपिंग क्लासच्या पहिल्या वर्षी शिकवत होते.

आता माझं मत. ते मी शक्य तितक्या शांतपणे मांडायचा प्रयत्न करतो, कारण या लायब्ऱ्या लिहिणारे लोक फुकट काम करतात आणि माझ्यासारखे त्यावर आयतं जेवतात. टॅब्युलेट मी दहा वेळा शिव्या घालून अकराव्यांदा वापरणार आहे हे मलाही माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच की मजकुराचा तक्ता करणाऱ्या लायब्ररीनं मजकूर मांडावा, त्याचा अर्थ लावू नये. आणि लावायचाच असेल तर तो आपण सांगितल्यावर लावावा. आज गोष्ट उलटी आहे. टॅब्युलेट प्रत्येक रकाना न्याहाळते, सगळ्या नोंदी आकड्यांसारख्या दिसल्या तर त्यांना आकडे समजते, दशांशचिन्ह असलं तर नव्यानं लिहून काढते. तिच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच याचं एक उदाहरण आहे. प्रोग्रॅमर लोक बदलांना जे अंक-अक्षरांचे सांकेतिक क्रमांक देतात, त्यातला ४२९९२ई१ असा एखादा क्रमांक असला की लायब्ररी त्याला चार लाख एकोणतीस हजार नऊशे वीस समजते. हे टाळायला एक खटका दिलेला आहे. आहे ना, पण तो खटका मुळात बंद का? पावती क्रमांक, घर क्रमांक, सातबाऱ्यावरचे गट क्रमांक, हे सगळे आकड्यांसारखे दिसतात आणि आकडे नसतात. कुणी त्यांची बेरीज करत नाही.

मजा बघा, आपले अंकही तिला कळतात. पायथॉनला '१२३' देवनागरीत दिलं तरी तो एकशे तेवीस समजतो, याचं मला पहिल्यांदा केवढं कौतुक वाटलं होतं. पण याच हुशारीमुळे देवनागरीतला '१२५०.५०' तक्त्यातून बाहेर पडतो तो इंग्रजी अंकांत, शेवटचं शून्य गमावून. उलट '१,२५,०००' असं आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिलं तर तो आकडाच नाही, मजकूर, डावीकडे चिकटतो. इंग्रजी अंकांत स्वल्पविराम दर तीन अंकांनी दिला असता तर हल्लीच्या आवृत्तीनं ओळखला असता. लाख-कोटीत मोजणारा माणूस तिच्या कल्पनेत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नाही हो. ज्यानं लिहिली त्याच्या गावात जे आकडे होते ते त्यानं बघितले. मीही तेच केलं असतं.

माझा एक मित्र (तोही याच धंद्यातला) म्हणाला की हे सगळे खटके माहीत करून घेणं तुझं काम होतं. अक्षरशः खरं आहे. पण मी चुकलो ते काहीतरी करून चुकलो नाही, काही न करून चुकलो. माणूस जेव्हा काहीच सांगत नाही तेव्हा यंत्रानं काय करावं, हा लायब्ररी लिहिणाऱ्याचा सगळ्यात मोठा निर्णय असतो, कारण बहुतेक लोक काहीच सांगत नाहीत. तेव्हा तिनं दिलेलं जसंच्या तसं ठेवावं. अकरा लाख असतील तर अकरा लाख.

राहिली कोरी जागा. तिथे मात्र मी लायब्ररीची बाजू घेईन. 'नॅन' कुरूप होतं पण खरं होतं. काहीतरी ठाऊक नाही असं ते ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं. कोऱ्या जागेचे किती अर्थ होतात बघा: दिले नाहीत, द्यायचे नाहीत, दिलेत पण नोंद नाही, किंवा दोन फणस पाडून दिलेत. जुन्या रोजकीर्दीत कोरी जागा सोडत नसत, आडवी रेघ मारत, म्हणजे नंतर कुणी तिथे काही लिहू नये. मी एक रेघ मारली असती तरी आत्याचे पन्नास हजार घसरले नसते.

मग मी काय केलं? मराठी मजकुरासाठी रकाने जुळवणं सोडून दिलं. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांना माहीत असेल, प्रश्नाच्या शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि मोठा जी लिहिला की तक्ता आडवा न येता उभा येतो, एका ओळीत एकच नोंद. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश एक्स. रकाने फार झाले की पडद्यावर मावत नाहीत म्हणून ही सोय, पण आपल्या लिपीसाठी ती रोजची व्हायला हवी. नाव डावीकडे, त्याला चिकटून त्याची किंमत, आणि संपलं. काही जुळवायचंच नाही, त्यामुळे काही घसरत नाही. फाँट कुठलाही असो, फोन कितीही अरुंद असो. चार ओळींचं लूप आहे, त्यासाठी लायब्ररीही लागत नाही. तोटा आहे: वरून खाली नजर फिरवून बेरीज ताडता येत नाही, आणि तेवीस घरांचा मेल लांबलचक होतो. थोरल्या काकांनी "हे काय तारेसारखं पाठवतोस" म्हणून नाराजी कळवलेली आहे. त्यांना मी वेगळी एक्सेल पाठवतो.

गेल्या हप्त्यात नवा हिशोब गेला. त्यात आत्याची नोंद अशी आहे:

घर : आत्या
पहिला हप्ता : लाकूड, फणसाचे दोन ओंडके, माजघराच्या आढ्याला लागले
दुसरा हप्ता : ५०,०००
अनामत : ५०,०००

अनामत म्हणजे ते जादा पन्नास हजार, जे ती परत घ्यायला तयार नाही आणि मी खर्चात घालायला तयार नाही. दोन वेळा परत पाठवायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा "राहू दे, विहिरीचं काम निघेलच" असं उत्तर आलं. मुदतठेव मोडल्याचं व्याज बुडालं त्याचा उल्लेख तिनं केला नाही, मीही केला नाही, पण तो आकडा माझ्याकडे लिहिलेला आहे.

मेल गेल्यावर तासाभरात तिचं उत्तर आलं. एकच ओळ होती: अपूर्णविरामाच्या आधी जागा सोडत नाहीत.